माझगावच्या तबेल्यात रेडकू का दिसत नसे?

प्रश्न : आमचं बिऱ्हाड तीन पिढ्या माझगावात. आजी सांगायची की तिच्या लहानपणी गल्लीच्या टोकाला म्हशींचा तबेला होता आणि पहाटे चरवी घेऊन ती दुधाला जायची. पण तिथे रेडकू तिने कधी पाहिलं नाही, आणि म्हशीही वर्षभरात बदललेल्या असायच्या. असं का? दुसरं म्हणजे, माझ्या बहिणीच्या सासरी कराडकडे एक संकरित गाय आहे. ती व्यायली त्याला चार महिने झाले. दूध झकास देते, पण माजावर येत नाही, त्यामुळे घरात रोज कटकट चालते. व्याल्यानंतर गाय पुन्हा गाभण राहायला किती काळ लागतो आणि तो कशावर ठरतो? — एक वाचक, माझगाव

उत्तर : पत्रात प्रश्न दोन असले तरी पेच एकच आहे. व्यायलेलं जनावर पुन्हा गाभण राहून पुन्हा विईपर्यंत त्याला पोसायचं कुणी आणि कशाच्या जोरावर? कराडच्या गोठ्यात हा पेच रोज सोडवावा लागतो. माझगावच्या तबेलेवाल्याने तो स्वतःकडे ठेवलाच नाही, भाकड म्हशीबरोबर शहराबाहेर धाडून दिला.

आधी हिशेब मांडू. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत घ्यायचं म्हटलं तर ३६५ मधून २८० गेले, हातात उरले ८५ दिवस. एवढ्या अवधीत गर्भाशय पूर्वपदावर यायला हवं, बीजांडकोश कामाला लागायला हवेत, माज दिसायला हवा, वेळेवर रेतन व्हायला हवं आणि ते लागायलाही हवं. म्हशीचा गर्भकाळ ३१० दिवसांच्या आसपास, म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम ५५ दिवस येतात. म्हणून जाणता म्हैसवाला वर्षाला वेत मागत नाही. १३-१४ महिन्यांनी म्हैस पुन्हा व्यायली तरी तो खूश असतो.

या ८५ दिवसांतले पहिले चाळीसेक दिवस तर दुरुस्तीतच जातात. व्याल्याबरोबर गाईचं गर्भाशय ९-१० किलोचं असतं. ते महिन्याभरात किलोभरावर येतं, आणि आतलं अस्तर धड व्हायला एकूण दीड महिना धरावा लागतो. वार बहुधा ८ ते १२ तासांत पडते. दिवस उलटला तरी ती पडली नाही, तर पुढच्या माजाचं गणित तिथेच बिघडायला सुरुवात होते, कारण अडकलेली वार कुजते आणि गर्भाशयात जंतू घर करतात. लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधायची पद्धत अजून पुष्कळ गावांत आहे. वजनाने ती ओढून येईल अशी समजूत. होतं उलटंच. वार मधेच तुटते, अर्धी आत राहते, आणि जी गाय तिसऱ्या महिन्यात गाभण राहिली असती ती सहाव्या महिन्यातही उलटत, म्हणजे गर्भ न धरता पुन्हा माजावर येत, बसते.

पण गर्भाशय स्वच्छ असलं म्हणून गाय माजावर येतेच असं नाही. खरी ओढाताण खाण्याची आहे. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं आणि चौथ्या ते आठव्या आठवड्यात शिगेला पोहोचतं. भूक मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. गाईचं पोटभर खाणं सुरू व्हायला दहा-बारा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. मधल्या दोन महिन्यांत सडांतून जेवढं बाहेर जातं तेवढं तोंडाने आत येत नाही. ही तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरून काढते. म्हणून चांगल्या दुधाची गाय या दिवसांत माकडहाडाजवळ खोल दिसायला लागते, फासळ्या मोजता येतात. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचंही तेच. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं, आणि पहिल्या दिवशीच्या १० लिटर चिकात २० ग्रॅमहून जास्त निघून जातं. हाडांतून ते वेळेवर सुटलं नाही तर गाय मान पोटाकडे वळवून बसते ती उठतच नाही. दादरला वाटीभर खरवस खाताना हे कुणाला आठवत नाही, आठवायची गरजही नाही. पण चिकातला तो दाटपणा गाय स्वतःच्या हाडामांसातून देते.

अशी तूट चालू असताना नवा गर्भ धरणं शरीराला परवडत नाही. जन्मलेल्या वासराचं दूध आधी आणि पुढच्याची तयारी नंतर, असा हा क्रम आहे. रक्तातली साखर आणि इन्शुलिन कमी असलं की मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा इशारा मंदावतो. तिथे बीजपुटिका वाढते, पण फुटत नाही. विरून जाते आणि दुसरी वाढायला लागते. अमेरिकेतले संशोधक जॅक ब्रिट यांनी १९९२ च्या सुमारास याच्या पुढचा मुद्दा मांडला. बीजपुटिकेला पूर्ण वाढायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणजे ऐंशीव्या दिवशी जे बीज सुटतं त्याची वाढ व्याल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, नेमक्या ओढगस्तीच्या दिवसांत सुरू झालेली असते. गाय तिसऱ्या महिन्यात माजावर आली, रेतन वेळेवर झालं, तरी लागलं नाही, याचं मूळ कित्येकदा असं अडीच महिने मागे सापडतं. आपण मात्र त्या दिवशीच्या रेतमात्रेला दोष देऊन मोकळे होतो.

आता तुमच्या आजीच्या तबेल्याकडे येऊ.

स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबईत दूध मिळायचं ते मुख्यतः शहरातल्याच तबेल्यांमधून. म्हशी बाहेरून यायच्या. दिल्लीकडची मुऱ्हा, गुजरातेतली सुरती, मेहसाणा, काठियावाडची जाफराबादी. तबेलेवाला म्हैस विकत घ्यायचा ती नुकतीच व्यायलेली. आठ-दहा महिने दूध काढायचं, आणि आटायला लागली की काढून टाकायची. का? तर वर दिलेला हिशेब त्याच्या चौकटीत बसतच नव्हता. म्हैस गाभण ठेवायची म्हटली तर शेवटचे काही महिने ती दूध न देता खाणार. वैरण शहराबाहेरून विकत आणायची, जागेचं भाडं माझगाव-भायखळ्याच्या दराने भरायचं, त्यात भाकड म्हैस उभी ठेवणं म्हणजे रोजचा तोटा. त्यापेक्षा ती विकून ताजी व्यायलेली आणणं स्वस्त पडायचं. जी नशीबवान, ती ठाण्याच्या किंवा गुजरातच्या गावांत चराईला जाऊन गाभण होऊन परत यायची. बाकीच्यांची वाट वांद्र्याच्या कत्तलखान्याकडे जायची. देशातल्या उत्तम दुधाळ म्हशी एका वेतातच संपत होत्या, आणि संपत होत्या त्या ऐन उमेदीत.

रेडकाचा प्रश्न त्याहून सरळ होता. रेडकू दूध पितं, आणि ते दूध बाजारात रोख विकलं जातं. म्हणून ते बहुतेक वेळा उपासमारीनेच जायचं. पण रेडकाविना म्हैस पान्हवायला तयार नसते. मग कुठे पेंढा भरलेलं कातडं तिच्यापुढे धरायचं, कुठे त्याहून वाईट उपाय करायचा. मोठ्या शहरांच्या गोठ्यांत फुंका नावाचा प्रकार चालायचा : जनावराच्या मायांगात नळीने हवा फुंकून दूध उतरवायला लावायचं. गांधीजींनी दूध सोडलं त्यामागे कलकत्त्याच्या गवळ्यांच्या या फुंक्याची हकीगत हे एक कारण होतं. पुढे १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना दूध घ्यायचा आग्रह केला, तेव्हा कस्तुरबांनीच शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १२ वं कलम आजही फुंक्याच्याच नावाने आहे.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात येते. आचळाला लुचणारं पिल्लू आईचा माज लांबवतं; लुचण्याने मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा तोच इशारा दबतो. म्हणजे निव्वळ शरीरशास्त्राने पाहिलं तर रेडकू नसलेली माझगावची म्हैस गावाकडच्या म्हशीपेक्षा लवकर माजावर यायला हवी होती. येतही असेल. पण ते कळणार कुणाला? म्हशीचा माज मुळात मुका. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गाईंवर चढते, दुसरीला चढू देते, निरणातून काचेसारखा पारदर्शक सोट लोंबतो. म्हैस यातलं निम्मंही करत नाही. एखादी रेकते, दूध थोडं चोरते, वारंवार लघवी करते, बस्स. तीही चोवीस तास दावणीला, मोकळं अंगण नाही, रेडा जवळ नाही, अंगावर पाणी पडेल तेव्हाच गारवा. माज यायचा आणि कुणाच्या ध्यानात न येता सरायचा. तबेलेवाल्याला तो पाहायचाही नव्हता.

हे सगळं माझगावपासून फार लांब नसलेल्या परळला चांगलं ठाऊक होतं. तिथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय होतं आणि त्याच आवारात १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय चालू होतं. जनावरांच्या प्रसूतीचं आणि माजाचं शास्त्र शिकवणारी शाळा आणि ते शास्त्र निरुपयोगी ठरवणारे तबेले एकाच भागात नांदत होते. मला तरी शहराच्या अर्थकारणाचा याहून चोख नमुना दुसरा दिसत नाही.

१९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली ती या तबेल्यांना शहरातून हलवण्यासाठी. दारा खुरोडींची ही कल्पना. ३,००० एकरांहून मोठी जागा, त्यात सुमारे १६ हजार म्हशींची सोय. म्हशी मालकांच्याच, गोठे सरकारचे, दूध सरकारने घ्यायचं. स्वच्छता आली, पशुवैद्य आले, गवत आलं. भाकड म्हशींचं काय, हा प्रश्न मात्र आरेतही पुरता सुटला नाही, कारण ताजी व्यायलेली म्हैस विकत घेण्याचा धंदा तोच राहिला. जोगेश्वरी-गोरेगावकडे जे तबेले शिल्लक आहेत, त्यांचंही बरंचसं गणित अजून तसंच आहे.

म्हशीच्या माजाने मुंबईला आणखी एका बाजूने नाचवलं. म्हैस ऋतू पाळते. दिवस लहान होऊ लागले, हवा गार झाली की तिचा माज उमटतो. कडक उन्हाळ्यात बीजांडकोश जवळजवळ झोपतात. हिवाळ्यात गाभण राहिलेली म्हैस दहा महिन्यांनी, पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत विते. त्यामुळे थंडीत दुधाचा पूर आणि उन्हाळ्यात टंचाई. आणंदची सहकारी संस्था मुंबईला दूध पाठवायची, पण थंडीतलं जास्तीचं दूध घ्यायला मुंबई दूध योजना तयार नसायची. या जास्तीच्या दुधाची पावडर करायची म्हणून १९५५ साली आणंदला कारखाना उभा राहिला. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते, एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. इकडे मुंबईत खुरोडींनी म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून टोन्ड दूध काढलं, म्हणजे तेवढ्याच म्हशींत जास्त घरं भागू लागली. आणंदचे कुरियन आणि मुंबईचे खुरोडी यांचं आपसात कधी जमलं नाही, पण १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार आणंदच्याच त्रिभुवनदास पटेलांसह दोघांना एकत्रच मिळाला. पिशवीवर ‘टोन्ड’ हा शब्द तुम्ही रोज वाचता. त्याच्या मुळाशी म्हशीचं दाट दूध आहे.

म्हशीच्या लांबणाऱ्या वेताला आपल्याकडे एक गोड अपवाद आहे, तो पंढरपुरी म्हशीचा. लांबलचक शिंगं, दूध मुऱ्ह्याच्या मानाने कमी, पण वेत नेमाने. सोलापूर-कोल्हापूरकडचे गवळी तिला सोडत नाहीत ते याचसाठी. कोल्हापुरात कट्ट्यावर समोर धार काढून धारोष्ण दूध प्यायला मिळतं, ते देणारी बहुधा हीच. दिवसाला चार लिटर जास्त देऊन दीड वर्ष भाकड राहणारीपेक्षा ही बरी, असा त्यांचा सरळ हिशेब आहे आणि तो बरोबर आहे.

आता कराड.

बहिणीच्या घरच्यांना सांगा की चार महिने माज न दिसणं आणि चार महिने माज न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. धड खाणाऱ्या गाईचं पहिलं बीज व्याल्यानंतर तीन-चार आठवड्यांतच सुटतं, पण तो माज बहुतेक मुकाच असतो. पुढचा २१ दिवसांनी, त्याच्या पुढचा आणखी २१ दिवसांनी. म्हणजे या गाईला आतापर्यंत चार-पाच माज येऊन गेले असण्याचीही शक्यता आहे. संकरित गाईचा माज १२ ते १८ तासांचा, जास्त दुधाच्या गाईत तर त्याहून आखूड, आणि चढाओढ बहुधा रात्री किंवा पहाटे. घरात सगळे झोपलेले असताना तो उरकला तर सकाळी कुणाला कळणार?

म्हणून पहिलं काम पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून तपासणी करून घेण्याचं. ते खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गुदद्वारातून हात आत घालतात आणि आतड्याच्या पातळ भिंतीतून गर्भाशयाची दोन्ही शिंगं आणि बीजांडकोश बोटांनी चाचपतात. पाहणाऱ्याला ते ओबडधोबड वाटतं, पण त्यांची बोटं सुपारीएवढी गाठ शोधत असतात. बीजांडकोशावर ती गाठ, म्हणजे पीतपिंड, हाताला लागली तर गाय चक्रात आहे, माज नजरेतून निसटतोय. मग एका इंजेक्शनवर दोन-चार दिवसांत माज आणता येतो. बीजांडकोश लहान आणि गुळगुळीत लागले तर चक्र बंद आहे, आणि दोष खुराकात शोधायचा. गर्भाशय फुगलेलं, आत पू असेल तर उपचार वेगळाच. या तिन्ही गाई बाहेरून सारख्याच दिसतात. तिघींना एकच इंजेक्शन टोचणारा माणूस दारात आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. आणि हो, गाय आधीच गाभण नाही ना, हेही तपासणीत कळतं. कळपात वळू मोकळा असेल तर असं घडतं, आणि मग त्याच इंजेक्शनने गर्भ पडतो.

खुराकाबद्दल घरोघर दोन टोकाची मतं असतात. एक म्हणतं, गाय माजली नाही कारण ती फार खाते, पेंड कमी करा. दूध देणाऱ्या गाईवर हा उपाय म्हणजे आगीत तेल. दुसरं म्हणतं, मोड आलेली मटकी किंवा गहू घाला. घाला, वाईट नाही. पण मूठभर मटकीने २० लिटर दुधाची तूट भरून निघत नाही. हिरवी वैरण, कडबा, दुधाच्या प्रमाणात पेंड-भरडा, रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण आणि दिवसरात्र पाणी, हाच रस्ता. खरं तर तो व्याल्यानंतर धरण्यापेक्षा विण्याच्या आधी दोन महिने, गाय आटवल्यावर धरला तर पुढची निम्मी कटकट वाचते. फार लठ्ठ गाय व्यायली तर ती कमी खाते आणि चरबी जास्त वितळवते, तेव्हा आटलेल्या गाईला लाडाने फुगवूही नये.

माज दिसला की घाई आणि आळस दोन्ही नकोत. सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. हा नियम १९४० च्या दशकात अमेरिकेत ट्रिम्बर्गर यांनी गाई तपासून घालून दिला, आणि अजून त्याला फारसा धक्का लागलेला नाही. गोठवलेली रेतमात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मगच वापरायची असते. रेतन करणारा माणूस नळी काखेत किंवा तळहातात चोळून गरम करायला लागला, तर त्याला थांबवायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे. एवढं करूनही शंभर रेतनांतली पस्तीस-चाळीस लागली तरी गावपातळीवर ते चांगलं काम समजतात, तेव्हा एकदा उलटली म्हणून गाईला नाव ठेवू नये. तीनदा चांगल्या माजावर भरवूनही उलटली, तर मात्र पुन्हा तपासणी.

माझं मत विचाराल तर भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईचं वेत १३-१४ महिन्यांवर गेलं म्हणून घरात भांडायचं काही कारण नाही. १७-१८ महिन्यांवर गेलं तर आहे. तुमच्या बहिणीची गाय आज त्या दोहोंच्या मधल्या सीमेवर उभी आहे. आता लगेच गाभण राहिली तर १३-१४ महिन्यांत बसेल, आणखी चार-पाच महिने गेले तर नाही.

त्यांना गोठ्याच्या खांबाला एक दिनदर्शिका अडकवायला सांगा. व्यायल्याची तारीख, वार पडल्याची वेळ, दिसलेला प्रत्येक माज आणि प्रत्येक रेतन तिच्यावर लिहायचं. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे धारेआधी वीस मिनिटं गाईकडे नुसतं बघत बसायचं, दावं सोडून. आणि पशुवैद्य गावात नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवायचं. एक माज हुकला की पुढचा आणखी २१ दिवसांवर जातो, तेव्हा हा फोन याच आठवड्यात करा.